स्टेपनी नसलेली गाडी आणि रन-फ्लॅट टायर: गोव्यात राहून बदली टायर निवडायचा कसा

टायर रिमवरून सुटला आणि आतून काळा चुरा सांडला, जाड्या रव्यासारखा, मूठभर तरी असेल. मशीनवरच्या पोराने तो बोटांत धरून चोळला, मला दाखवला आणि म्हणाला, "पात्रांव, हो टायर गेलो." मी म्हटलं अरे बाबा बाहेरून तर बरा दिसतोय, नक्षी अर्धीअधिक शिल्लक आहे, खिळाही बरोबर मधोमध घुसलाय, पंक्चर काढून दे की. त्याने वाद घातला नाही, टायर उभा धरला आणि आत मोबाईलची बॅटरी मारली. आतल्या बाजूने भिंतीवर गोल फिरून एक पूर्ण पट्टा खरवडला होता, सांडलेला चुरा त्या पट्ट्यातलाच.

झालं काय होतं ते आधी सांगतो. जुलै महिना, बेळगावहून चोर्ला घाटाने परत येत होतो, रात्रीचे साडेनऊ, पाऊस असा की वायपर फुल स्पीडवर असून समोरची पांढरी पट्टी दिसेना. घाट उतरत आलो आणि डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा. गाडी सेकंडहँड जर्मन सेडान, मागे स्टेपनी नाहीच, डिकीत खड्डासुद्धा नाही, कंपनीने रन-फ्लॅट टायर दिलेले, म्हणजे हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर चालणारे. फोनला रेंज नाही. बायको म्हणाली इथे थांबायचं नाही, हळूहळू चला. चाळीस-पन्नासच्या स्पीडने केरी, साखळी, उसगाव करत फोंड्याला घरी आलो, गाडी नीट आली, मला तर वाटलं पैसे वसूल.

चूक दुसऱ्या दिवशी केली. हवा भरून बघितली, तासाभरात गेली, तरी "चालतोय ना" म्हणून त्याच टायरवर फोंड्याहून पणजीला गेलो, तिथे त्या मापाचा रन-फ्लॅट नव्हता, कोणीतरी म्हापशाचं दुकान सांगितलं म्हणून म्हापशाला. आता हिशेब करा, रात्रीचे चाळीस, फोंडा-पणजी तीस, पणजी-म्हापसा बारा-तेरा. ऐंशी पार. आणि म्हापशालाही टायर नव्हताच, "हांगा मेळचो ना, ऑर्डर करूंक जाय". पाच दिवस गाडी तिथेच उभी, मी कदंबाच्या बसने ये-जा केली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्यात रन-फ्लॅटचा प्रॉब्लेम पंक्चर झालेल्या रात्रीचा नाहीच. गोवा उत्तर-दक्षिण साधारण १०५ किलोमीटर, म्हणजे पत्रादेवीपासून पोळेपर्यंत कुठेही हवा गेली तरी त्या ८० किलोमीटरमध्ये बहुतेक जण आपल्या घरी पोचतातच. प्रॉब्लेम दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतो, तुमच्या मापाचा टायर दुकानात नसतो तेव्हा. त्यामुळे टायर निवडायचं काम टायर जायच्या आधी करायचं, आणि ते कसं ते आता लिहितो.

आधी रन-फ्लॅट म्हणजे नेमकं काय

साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते, रबर फक्त हवेला धरून ठेवतं. रन-फ्लॅटमध्ये बाजूची भिंत, म्हणजे साईडवॉल, आतून जाड रबराने एवढी कडक केलेली असते की हवा शून्य झाली तरी ती भिंतच गाडी उचलून धरते. म्हणून खिळा लागल्यावर टायर बसत नाही, रिम रस्त्याला घासत नाही. पण हवा नसताना ती भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, वाकते आणि सरळ होते, त्यातून आत प्रचंड उष्णता तयार होते आणि रबर आतून सुटायला लागतं. माझा काळा चुरा तोच. म्हणून कंपन्या सांगतात की हवा गेल्यावर ताशी जास्तीत जास्त ८० आणि अंतर साधारण ८० किलोमीटर. हा आकडा काही वरदान नाही, गाडीत पाच माणसं आणि चवथीला गावी नेताना डिकी भरून गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान असेल, घाट असेल, मे महिन्याचा तापलेला डांबरी रस्ता असेल तर तो कमीच धरायचा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो खरा.

अजून एक, रन-फ्लॅट आणि टीपीएमएस (टायरची हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लावणारी यंत्रणा) ही जोडी आहे, टीपीएमएसशिवाय रन-फ्लॅट लावायचा नाही. भिंत एवढी कडक असते की हवा निम्मी झाली तरी टायर बघून कळत नाही, लाथ मारून तर अजिबात नाही. दिवा बिघडलाय आणि रन-फ्लॅट लावलेत म्हणजे तुम्ही कमी हवेवर शे-दोनशे किलोमीटर फिराल आणि कळणारच नाही. टायर बदलायच्या आधी दिवा चालू आहे का ते बघा, इग्निशन ऑन केल्यावर तो क्षणभर पेटून विझायला हवा.

साईडवॉल वाचायला शिका, दहा मिनिटांचं काम आहे

सकाळी उजेडात गाडीपाशी बसा आणि चारही टायरचे फोटो काढा, चारही, एकाचा नाही. सेकंडहँड गाडी असेल तर चार टायर चार जातीचे निघायची शक्यता असते, माझ्या गाडीला पुढे दोन रन-फ्लॅट आणि मागे एक रन-फ्लॅट एक साधा असा थाट होता आणि विकणाऱ्याने "सगळे रन-फ्लॅट" असं छातीठोकपणे सांगितलं होतं.

समजा लिहिलंय २२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू. २२५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ५० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, १७ म्हणजे रिम इंचात. ९४ हा लोड इंडेक्स, एक टायर ६७० किलो पेलतो असा त्याचा अर्थ (९१ असेल तर ६१५ किलो). डब्ल्यू हा स्पीडचा, ताशी २७० पर्यंत, व्ही असेल तर २४०. आता तुम्ही म्हणाल गोव्यात २७० ने कोण चालवतो, पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये सत्तावीसची मारामार आहे. बरोबर आहे, पण ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो त्याचंही माप आहे, आणि लोड इंडेक्स तर कधीच कंपनीने दिलेल्यापेक्षा खाली घ्यायचा नाही. दुकानदार म्हणेल "९१ चालतो, सगळे लावतात". नाही चालत. वर गेलात तर हरकत नाही.

मग रन-फ्लॅटची खूण शोधा. इथे गंमत अशी की प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशेलिन झेडपी म्हणजे झिरो प्रेशर, कॉन्टिनेंटल एसएसआर, गुडइयर आरओएफ, डनलप डीएसएसटी, पिरेली सरळ रन फ्लॅट, हँकूक एचआरएस. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांच्या टायरवर गोलात आरएससी असं पण सापडतं. यातली किंवा त्या कंपनीची अशी कुठलीच खूण नसेल तर तो साधा टायर आहे, माणूस काहीही सांगो.

याच्या जोडीला कधी कधी गाडीच्या कंपनीची खूण असते, बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचं एमओ, आणि मर्सिडीजचा रन-फ्लॅट असेल तर एमओई. याचा अर्थ तो टायर त्या गाडीच्या सस्पेन्शनला धरून बनवलाय. ती खूण असलेलाच घेतला पाहिजे असं नाही, पण मिळत असेल आणि फरक थोडा असेल तर घ्या. एकच लक्षात ठेवा, नुसती चांदणी किंवा नुसतं एमओ म्हणजे रन-फ्लॅट नव्हे. आणि सेल्फ-सील नावाचा तिसरा प्रकार असतो, त्यात आत चिकट थर असतो आणि छोटं भोक आपोआप बुजतं, तो चांगला आहे पण भिंत फाटली तर तो बसतोच. रन-फ्लॅट मागितला आणि सेल्फ-सील हातात आला असं होऊ देऊ नका.

मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत का तेही फोटोत बघून घ्या. काही गाड्यांना पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ असं असतं. तसं असेल तर पुढचे मागे करता येत नाहीत, मागचे लवकर झिजतात आणि ऑर्डर देताना कुठले हवेत ते दोनदा सांगायचं.

परत रन-फ्लॅटच घ्यायचे की साध्यावर जायचं

याच्यावर लोकांची भांडणं होतात. मी दोन्ही करून बसलोय, म्हणजे मध्ये वर्षभर साधे लावले होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साध्या टायरने गाडी मऊ होते हे खरंच आहे. रन-फ्लॅटची कडक भिंत छोटा खड्डासुद्धा पाठीच्या कण्यापर्यंत पोचवते, आवाज जास्त, वजन जास्त, किंमत तर विचारूच नका. शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यात कडक भिंत आणि रिम दोघांनाही मार बसतो, भिंतीवर फुगा येतो, तो आला की टायर संपला, पंक्चर असो वा नसो. साधा टायर कुठल्याही मोठ्या दुकानात सहज मिळतो आणि मधोमध खिळा लागला तर पंक्चर निघतं.

पण मग साध्या टायरची हवा गेली तर करायचं काय, कारण डिकीत स्टेपनीची जागाच नाही. इथे लोक विचार करत नाहीत. साधे टायर लावून वर काहीच न ठेवता फिरणारे मी बघितलेत, त्यातला एक माझा मावसभाऊ, करमल घाटात रात्री बारा वाजता टो-व्हॅनची वाट बघत तीन तास बसला होता, डास खात. साध्यावर जायचं असेल तर निदान सीलंट आणि छोटा कॉम्प्रेसर असलेलं किट गाडीत हवंच. ते किट नक्षीतल्या छोट्या भोकाला, साधारण ६ मिलिमीटरपर्यंत, काम देतं. चिऱ्याच्या धारदार कपारीने किंवा गटाराच्या कडेने भिंत चिरली तर सीलंटची अख्खी बाटली बाहेर वाहून जाते, काही उपयोग नाही. बाटलीला एक्सपायरी असते तीही बघा, उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पाच-सहा वर्षं पडलेली बाटली ऐनवेळी नुसतं पाणी सोडते.

कायद्याचं विचारतात बरेच जण. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला, त्यानुसार साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत टीपीएमएस आणि टायर रिपेअर किट असेल तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. म्हणजे नवीन गाड्यांत स्टेपनी दिसत नाही ती याच वाटेने गेली. तरी टायरचा प्रकार बदलण्याआधी गाडीची वॉरंटी चालू असेल तर सर्व्हिस सेंटरला आणि विमावाल्यांना विचारून घ्या, आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरच्या "हो हो चालतं" ला काही किंमत नाही.

माझा निकाल असा: गाडी मुख्यतः पणजी-मडगाव-म्हापसा अशी शहरात आणि दिवसा फिरत असेल, घरात फोन केल्यावर येऊन घेऊन जाणारं कोणी असेल, तर साधे टायर आणि चांगलं किट ठेवा, आरामात राहाल. पण चोर्ला, अनमोड, आंबोली असे घाट नेहमीचे असतील, रात्रीचा प्रवास असेल, बायको-पोरं किंवा म्हातारे आईवडील गाडीत असतील, तर रन-फ्लॅटच. त्या रात्री पावसात घाटात खाली उतरून जॅक लावायची पाळी आली नाही याची किंमत मी मोजायला तयार आहे. म्हणून वर्षभर साधे वापरून परत आलो. एक गोष्ट मात्र कोणीच करू नका, दोन रन-फ्लॅट दोन साधे असं मिश्रण. गाडी वळणावर पुढून एक आणि मागून एक वागते, ओल्या रस्त्यावर तर नकोच. चारही एका जातीचे.

एक मधला मार्ग आहे. १८ इंचाचे रिम असतील आणि त्याच गाडीचं १७ चं मॉडेल कंपनीने विकलेलं असेल तर १७ वर उतरायचा विचार करा. २२५/४५ आर १८ चा एकूण व्यास साधारण ६६० मिलिमीटर होतो आणि २२५/५० आर १७ चा ६५७, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, स्पीडोमीटर बिघडत नाही. पण भिंत १०१ मिलिमीटरवरून ११२ वर जाते, हा एक सेंटीमीटर खड्ड्यात गेल्यावर कळतो. रिम ब्रेकच्या कॅलिपरवर बसतो का ते मात्र गाडीवर लावूनच बघायचं, कागदावर नाही. मुलगा म्हणाला बाबा गाडी म्हातारी दिसते, मी म्हटलं दिसू दे.

दुकानात गेल्यावर

आता खरेदी. रन-फ्लॅटची मापं आपल्याकडे कमी खपतात, त्यामुळे दुकानदार स्टॉक ठेवत नाही, आणि जो ठेवतो तो दोन वर्षांचा जुना असू शकतो. म्हणून टायर हातात आल्यावर पहिली नजर तारखेवर. साईडवॉलवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जून. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असू शकतात, तेव्हा पलटवून बघा, "दिसत नाही साहेब" म्हणाला तर म्हणायचं उलटा कर. मी वर्षाच्या आतला असेल तरच घेतो, त्याहून जुना असेल आणि दुसरा पर्याय नसेल तर भाव पाडून मागतो. जुना म्हणजे लगेच खराब असं नाही, पण नव्याचे पैसे का द्यायचे. चार टायर घेतले तर चारही बघा.

दुसरी नजर आयएसआय मार्कवर. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर तो लागतो. आयात टायर असला तरी. आणि आयातीचं सांगायचं तर, २०२० च्या जूनमध्ये डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या परदेश व्यापार खात्याने, नव्या टायरची आयात मोकळ्या यादीतून काढून परवाना लागणाऱ्या यादीत टाकली. रन-फ्लॅटची बरीच मापं बाहेरूनच यायची, त्यामुळे तेव्हा अमुक मापाचा टायर कधी येईल ते कोणी छातीवर हात ठेवून सांगेना. आजही दुकानदाराने "आठ दिवसांत" म्हटलं तर पंधरा धरा.

म्हणून वेळेचं गणित असं करा. पावसाळा जूनमध्ये लागतो आणि गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर उरली की टायर बाद, खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या पातळीला आलं की समजायचं. पण १.६ पर्यंत थांबायचं ते कोरड्या मुलखात, आपल्याकडे ३ मिलिमीटर उरली की बदलायला काढा, कारण पाणी बाहेर फेकायचं काम खोबण्याच करतात आणि त्या उथळ झाल्या की झुवारीच्या पुलाकडे जाणाऱ्या सरळ रस्त्यावर साचलेल्या पाण्यात स्टेअरिंग एकदम हलकं होतं. ज्याला झालंय त्याला माहितीय. खोली मोजायचं गेज अगदी स्वस्तात मिळतं. तेव्हा एप्रिलमध्ये मोजा, ऑर्डर एप्रिलमध्येच द्या, मे अखेर टायर बसलेले असले पाहिजेत. पहिला पाऊस पडल्यावर सगळा गोवा टायरच्या दुकानात असतो.

कोटेशन घेताना फोनवर नुसतं "सतरा इंची रन-फ्लॅट किती" असं विचारू नका. पूर्ण माप, लोड, स्पीड, कुठली खूण, किती नग, किती जुना, आणि किमतीत फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह धरलेत का, हे सगळं एका मेसेजमध्ये टाका आणि उत्तरही मेसेजमध्येच मागा. फोंडा, मडगाव, म्हापसा, पणजी चारही ठिकाणी टाका, आणि बेळगाव-कोल्हापूरलाही टाकायला हरकत नाही, कधी कधी तिकडे पडून असतो. ऑनलाइन मागवला तर बसवून देणारं दुकान आधी ठरवा, कारण बाहेरून आणलेला टायर बसवायला काही जण कुरकुरतात किंवा जास्त पैसे लावतात, आणि तारीख घरी आल्यावर जुनी निघाली तर परत पाठवायची कटकट तुमचीच.

एक टायर गेला तर एकच घ्यायचा का? परवडत असेल तर नको. एका एक्सलवरचे दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. दोनच घेतले आणि पुढेमागे माप सारखं असेल तर नवे मागे लावा. हे उलटं वाटतं, विशेषतः पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, पण ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर माणूस पाय काढतो आणि गाडी सावरते, मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि ते सावरायला आपण काही रेसर नाही. गाडी चारही चाकांवर चालणारी असेल तर मॅन्युअलमध्ये टायरच्या घेरातल्या फरकाची मर्यादा बघा, तिथे कधी कधी चारही बदलायला लागतात, रडत रडत.

पंक्चर काढायचं का हा प्रश्न येतोच. काही कंपन्या रन-फ्लॅटला पंक्चर काढूच नका म्हणतात, काही अटी घालून परवानगी देतात, तेव्हा तुमच्या टायरवाल्या कंपनीचं काय म्हणणं आहे ते पाहा. अटी बहुतेक अशाच, भोक मधल्या नक्षीत हवं, छोटं हवं, हवा नसताना टायर चाललेला नको, आणि टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा, दांडा भोकात बसणारा) लावलेला हवा. रस्त्याच्या कडेला बाहेरून सुताची वात खुपसून देतात ती घरी पोचण्यापुरती. आणि आतून काळा चुरा निघाला की विषय संपला, कोणी कितीही म्हणो "मी करून देतो".

बसवताना तिथेच उभं राहा

चहा प्यायला जाऊ नका. रन-फ्लॅटची कडक भिंत साध्या मशीनवर लोखंडी पट्टीने ओढून बसवायला गेलं की दोन गोष्टी होतात, एक तर टायरची कड फाटते, नाहीतर आतला टीपीएमएसचा सेन्सर तुटतो. माझा एक सेन्सर असाच गेला, पोराने पट्टी व्हॉल्व्हच्या बाजूनेच घातली, टक्क असा आवाज आला आणि तो माझ्याकडे बघेना. ज्या दुकानात वरून दाबणारे मदतीचे हात असलेलं मशीन आहे तिथेच जा, आधी फोनवर विचारा "रन-फ्लॅट बसवता का, महिन्यात किती बसवता". काम सुरू करण्याआधी सांगा की व्हॉल्व्हपाशी सेन्सर आहे. सगळ्या गाड्यांत तो नसतो, काही गाड्या चाकाच्या फिरण्यावरून हवा ओळखतात, त्यांत आत काही नाही, पण माहीत करून घ्या.

सेन्सर असेल तर समुद्राकाठच्या लोकांनी एक जास्तीची गोष्ट करायची. खाऱ्या हवेने अॅल्युमिनियमचा व्हॉल्व्ह पांढरा पडतो, नट जाम होतो आणि पुढच्या वेळी काढताना मोडतो. टायर उतरलेलाच आहे तर वॉशर, नट, आतली पिन बदलून घ्या, टायरच्या बिलापुढे तो खर्च काहीच नाही. सेन्सरच्या बॅटऱ्याही कायमच्या नसतात, पाच ते दहा वर्षांत जातात, गाडी आठ-नऊ वर्षांची असेल तर त्याच वेळी बदलायचा विचार करा, नाहीतर चार महिन्यांनी परत टायर उतरवा.

रिम फिरवून बघायला सांगा, वाकलाय का. कडक टायरने खड्ड्यातला मार रिमवर घेतलेला असतो, आणि वाकलेल्या रिमवर नवा टायर कितीही बॅलन्स केला तरी ऐंशीला स्टेअरिंग थरथरणार. बोल्ट गनने हाणून झाल्यावर शेवटचं टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्यावर. मग अलाइनमेंट, आणि त्याची आधीची-नंतरची प्रिंट मागून घ्या.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. रन-फ्लॅट आहे म्हणून दोन-चार पीएसआय कमी ठेवून गाडी मऊ करायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका, कमी हवेने हीच भिंत तापते. हवा भरल्यावर गाडीच्या मेनूत जाऊन टीपीएमएस रिसेट करा, हे दुकानवाले हमखास विसरतात आणि मग झुवारी पूल येईपर्यंत दिवा पेटतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जरा बेताने, नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, ओल्या रस्त्यावर तो पकड देत नाही.

आता माझ्या फोनमध्ये एक फोल्डर आहे, चार टायरचे फोटो, चार तारखा, माप, आणि तीन दुकानांचे नंबर. डिकीत रन-फ्लॅट असूनही कॉम्प्रेसर आहे, कारण सावकाश हवा जाणाऱ्या टायरला दर पंधरा-वीस किलोमीटरवर भरत आणलं तर तो शून्यावर जात नाही, आणि शून्यावर गेला नाही तर आतून चुरा होत नाही. गेल्या मार्चमध्ये मोल्याहून येताना दिवा लागला, असाच भरत भरत घरी आणला, दुसऱ्या दिवशी टायर उतरवला तर आत चुऱ्याचा कणही नव्हता. त्या कंपनीच्या अटीत बसत होता, पॅच लावला, अजून चालतोय.